मोडीत दिलेला फोन

डॉक्टर काही खरा डॉक्टर नव्हता. वर्षभराचं शिक्षण घेऊन तो गाई-म्हशींना कांडी भरायचा, म्हणजे जनावर गाभण राहावं म्हणून बीज सोडायचा. पण आसपासच्या सात वाड्यांना एवढा फरक करत बसायला वेळ नव्हता. लोक त्याला डॉक्टर म्हणत, आणि त्याच्या बायकोला, जिने जन्मात सुई धरली ती फक्त बटणं लावायला, डॉक्टरीण म्हणत. सुरुवातीला ती लाजायची. पुढे पुढे कोणी नुसतं ‘वहिनी’ म्हटलं की तिलाच चुकल्यासारखं वाटू लागलं.

डॉक्टरच्या फोनला कुलूप नव्हतं. असणार कसं? डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात, उजव्या हातात नळी, आणि नेमका तेव्हाच फोन वाजायचा. मग ज्याची गाय तो मालक डॉक्टरच्या खिशातून फोन काढायचा, बोलायचा, वर निरोपही लिहून ठेवायचा. फोन कसला, धर्मशाळाच ती. त्यात प्रत्येक जनावराचा फोटो होता, शेजारी मालक उभा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कांडी कधी भरली, किती वेळा वाया गेली, सगळं त्याखाली लिहिलेलं. विम्यासाठी काढलेले लोकांच्या पासबुकांचे फोटो होते. आणि माणसांचे आवाज होते. “डॉक्टर, या वेळी जमलं नाही तर विकतो हो तिला, बायकोचं ऑपरेशन आहे,” असलं कोणी बायकोशीसुद्धा बोलणार नाही ते डॉक्टरला बोलून ठेवायचं. डॉक्टर ते ऐकायचा आणि पोटात ठेवायचा. गोठ्यातलं गोठ्यात, हा त्याचा धर्म होता.

तो फोन एका गोठ्यात पडला आणि गाईने त्यावर पाय दिला. काचेचा भुगा झाला. डॉक्टरने सिमकार्ड काढून नव्या फोनात घातलं आणि जुना बायकोच्या हातात दिला.

“हा नीट ठेव. शहरात गेलो की फोनवाल्याकडून आतलं पुसून घेतो, मग काय करायचं ते करू.”

त्यानंतर तो चार वेळा शहरात गेला आणि चारही वेळा फोन घरीच विसरला. फोन स्वयंपाकघरातल्या डब्यात, संपलेल्या सेलांच्या आणि तुटक्या चमच्यांच्या संगतीत पडून राहिला.

उन्हं तापू लागली त्या दिवसांत गल्लीत फेरीवाला आला. हातगाडीवर प्लास्टिकच्या बादल्या, टब, पाट असा रंगीत डोंगर होता. “जुने, फुटके, बंद मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या!” डॉक्टरीण उंबऱ्यात उभी राहून बघत होती. समोरच्या पायरीवर आत्याबाई धान्य निवडत बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे डॉक्टरच्या वडिलांची चुलत बहीण. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दावणीला एकच म्हैस. म्हशीच्या कपाळावर पांढरा चांद होता आणि आत्याबाईंचं सगळं बोलणं तिच्याशीच चालायचं.

डॉक्टरणीला डबा आठवला. नवऱ्याचं सांगणंही आठवलं, नाही असं नाही. पण फुटक्या काचेच्या तुकड्यात पुसण्यासारखं काय असणार, असं तिच्या मनात आलं. ती आत गेली आणि फोन घेऊन आली.

फेरीवाल्याने तो नाकाशी धरला. “यात काय राम नाही, ताई. एक प्लास्टिकचा मग घ्या.” बोलता बोलता त्याने बाजूचं बटण दाबलं. काचेच्या भुग्यामागे उजेड लागला. त्याने चटकन बटण पुन्हा दाबलं आणि फोन उलटा केला. “बरं, छोटा टब घ्या.”

“छोट्या टबात काय, चिमणीला अंघोळ घालायची?” आत्याबाई पायरीवरून म्हणाल्या. “तो मोठा काढ. निळा. मुलगी साधी आहे म्हणून लुटतोस होय रे?”

“मावशी, परवडत नाही.”

“मग गाडी ढकल पुढे. दे गं तो फोन परत.”

फेरीवाल्याने फोन परत दिला नाही. मोठा निळा टब काढून दिला. आत्याबाई धान्याचं सूप बाजूला ठेवून खळखळून हसल्या, डॉक्टरीणही हसली, आणि दोघींनी टबावर बोटं वाजवून तो जाड आहे याची खात्री करून घेतली.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “हा कुठून?”

“दादाने पाठवला,” ती म्हणाली. एवढंसं खोटं. घरोघरी असली खोटी बोलणी चुलीतल्या राखेसारखी रोज निघतात आणि रोज टाकून दिली जातात. तिला तेव्हा काहीच वाटलं नाही.

टब कामाचा निघाला. आत्याबाईंचा पाण्याचा हौद तडकला होता, भरला की तासाभरात रिकामा. मग डॉक्टरीण रोज संध्याकाळी टब भरून, कमरेत वाकून, तो त्यांच्या खुंट्यापाशी नेऊन ठेवायची. म्हैस नाकपुड्या बुडवून प्यायची. आत्याबाई तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, “बघ, मी म्हटलं नव्हतं, मोठा घे?”

महिन्याभराने वैरण संपत आली. हिरवा चारा तर बघायला मिळेना. अशा दिवसांत दलाल येतातच. पण या वेळी आलेला दलाल वेगळा होता. भर उन्हात काळी छत्री घेऊन फिरायचा, म्हणून लोक त्याला छत्रीवाला म्हणू लागले. इतर दलाल दारोदार विचारत हिंडतात. हा विचारायचाच नाही. सरळ ज्याच्या घरी अडचण त्याच्याच दारात उभा.

शिंप्याच्या गोठ्यात जाऊन तो म्हणाला, “ही दोनदा उलटली ना, कांडी वाया गेली? आणि घरात ऑपरेशन निघालंय. कशाला ओझं ठेवताय?” शिंप्याच्या हातातली वैरण खाली पडली. ऑपरेशनचं त्याने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. गाय त्याने अर्ध्या भावात दिली, कारण ज्याला आपलं सगळं ठाऊक आहे त्याच्याशी घासाघीस कशी करायची?

असं पाच-सहा घरांत झालं. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता आणि उत्तरही एकच होतं. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस सात वाड्यांत एकच.

डॉक्टरचा फोन वाजायचा कमी झाला. सकाळी तो गाडीवर बीजाची थंड टाकी बांधून तयार असायचा आणि गाडी पुसत बसायचा. दूधकेंद्रावर तो गेला की बोलणं थांबायचं. एका वाडीत तर कोणीतरी त्याच्यासमोरच गोठ्याचं दार ओढून घेतलं. ते त्याने बायकोला सांगितलं ते बूट काढता काढता, खाली बघून.

“कुठून कळतं गं त्याला?” तो म्हणाला. “जुना फोन आहे ना घरात?”

“आहे की. डब्यात,” ती म्हणाली.

हे दुसरं खोटं. पहिल्यासारखं ते राखेबरोबर गेलं नाही. पोळ्या लाटता लाटता तिने स्वतःची समजूत काढली. फुटका फोन, आत कार्डही नाही, त्याचं कोण काय करणार? पण काचेच्या भुग्यामागे लागलेला तो उजेड काही तिच्या डोळ्यांपुढून जाईना.

मंगळवारी संध्याकाळी ती टब भरून आत्याबाईंकडे गेली. खुंटा रिकामा होता. दावं नीट गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं. आत्याबाई जमीन झाडत होत्या, जिथे झाडण्यासारखं काही उरलं नव्हतं तिथेही.

“ठेव खाली, ओझं आहे,” त्या म्हणाल्या. “दुपारी दिली तिला.”

“कोणाला?”

“छत्रीवाल्याला. तीनदा भरली, तीनही वेळा फुकट गेली, म्हणाला. तारखासुद्धा सांगितल्या गं त्याने. म्हणाला, डॉक्टरनेच लिहून ठेवलंय, आता आशा नाही. मी म्हटलं, माझा डॉक्टर असं कोणाला सांगणार नाही. तर त्याने फोन काढून दाखवला. मी उभी आहे त्यात, म्हशीच्या मानेवर हात ठेवून. पायात चपलासुद्धा नाहीत माझ्या.” आत्याबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली. “हा फोटो तर आपल्या डॉक्टरने काढला होता. मग म्हटलं, तोंडावर सांगवत नसेल त्याला. या वेळच्या कांडीनंतर परवा तपासली तेव्हाही काही बोलला नाही, पंधरा दिवसांनी सांगतो म्हणाला. माणूस असं कधी म्हणतं, मला कळत नाही होय?”

डॉक्टरणीने टब खाली आदळला. टबातलं पाणी हिंदकळून तिच्या पायांवर सांडलं. ती घरी आली आणि तिने तो डबा उघडला. फोन तिथे नाही हे तिच्याएवढं कोणाला माहीत होतं? तरी तिने डबा उपडा केला, सेल आणि चमचे जमिनीवर पसरले, आणि त्यांत हात फिरवत बसली.

तेवढ्यात नवरा आला. दूधकेंद्रावर शिंप्याने त्याला चारचौघांत विचारलं होतं, “डॉक्टर, जनावरामागे किती ठरलंय तुमचं छत्रीवाल्याशी?” कोणी शिंप्याला गप्प केलं नव्हतं. डॉक्टर ओट्याला टेकून उभा राहिला. त्याने हातपायही धुतले नाहीत.

“आत्याची म्हैस गेली,” ती म्हणाली.

त्याने मान वर केली. “कुठे गेली?”

“विकली. छत्रीवाल्याला. तीनदा वाया गेली म्हणून.”

“चौथी लागलीय तिला!” तो ओरडला. “गाभण आहे ती! हाताला लागलंय माझ्या. नव्या फोनात लिहिलंय मी. मागच्या वेळी घाईने सांगितलं आणि खोटं ठरलं, चार दिवस जेवली नव्हती आत्या. म्हणून म्हटलं, या वेळी पंधरा दिवसांनी पक्कं करू आणि मग...”

तो थांबला. जमिनीवर पसरलेले सेल, चमचे, उपडा डबा त्याला आता दिसला.

“जुन्या फोनात तीनच होत्या,” तो हळूच म्हणाला.

“मी टबाला दिला,” ती म्हणाली. “फेरीवाल्याला. दादाने टब पाठवला नाही. मी दिला फोन.”

तिला वाटलं, हा आता हात उगारेल. त्याने आजवर कधी उगारला नव्हता, पण आज उगारला असता तर तिने पाठ पुढे केली असती. तो मात्र भिंतीला टेकून खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

“दीडशे घरं होती गं त्यात,” एवढंच म्हणाला.

मग तो उठला आणि तसाच गाडीवर बसून छत्रीवाल्याच्या मागे गेला. जनावरांचा ट्रक दुपारीच सुटला होता. तो गुरांच्या बाजारापर्यंत पोचला, पण म्हैस सापडली नाही; त्या बाजारात जी भाकड जनावरं जातात ती दावणीला बांधायला कोणी नेत नाही. रात्री उशिरा तो परत आला. तिने दार उघडलं. त्याने नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघं शहरात फोनवाल्याकडे गेली. फोनवाला एका डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी फोनाचं पोट फाडून बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि भिंग न काढताच बोलू लागला.

“काच फुटली म्हणजे आतलं मरतं असं वाटतं लोकांना. काच ही नुसती खिडकी हो. घर शाबूत असतं. नवी काच बसवली की झालं, सगळं हजर. आणि कार्ड काढून काय होतं? फोटो, आवाज सगळं फोनातच. वर कुलूप नाही म्हणता. म्हणजे दार उघडं ठेवून घरच देऊन टाकलंत.” त्याने नवा फोन हातात घेतला. “तो फोन अजून तुमच्या खात्यात शिरलेला आहे बघा. आजही वाचतोय तुमचं. नवं सगळं फोनातच लिहिलंत, खात्यात नाही ना? नशीब. हे काढलं त्याला बाहेर. आता परवलीचा शब्द बदला. जनावराचं नाव नको, सगळ्यांना माहीत असतं. आणि कुलूप घाला आधी.”

“हात भरलेले असतात माझे,” डॉक्टर म्हणाला.

“मग फोन वाजू द्या. म्हैस काय पळून चाललीय?” फोनवाला म्हणाला. त्याला काय माहीत. डॉक्टरीण दुकानाबाहेरच्या रस्त्याकडे बघू लागली.

“जे गेलं ते आता परत येणार नाही,” फोनवाल्याने शेवटी भिंग काढलं. “पोलिसांत लिहून द्या. आणि ज्यांचे ज्यांचे फोटो, पासबुकं त्यात होती त्या प्रत्येकाला जाऊन सांगा. बँकेत कळवा म्हणावं, तुमच्या नावाने कोणाचा फोन आला तर विश्वास ठेवू नका म्हणावं. लाज वाटेल. पण न सांगितलंत तर पुढच्या वेळी जनावरावर भागणार नाही, त्यांची खाती जातील.”

परतताना गाडीवर डॉक्टर म्हणाला, “मी सांगेन. माझ्या हातून हरवला म्हणून. तू मागे नुसती उभी राहा.”

“पण...”

“माझा धंदा आहे, माझा फोन आहे. कुलूप मी घातलं नाही. चार वेळा शहरात मी विसरलो. तुझं नाव कशाला?”

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्या पाठीआड बसलेल्या तिला त्या क्षणी इतकं सुटल्यासारखं वाटलं की ती गप्प राहिली.

चार दिवस दोघं फिरली. दारात उभं राहायचं, त्याने बोलायचं, तिने पदर सावरत खाली बघायचं. कोणी पाणी दिलं, कोणी दिलं नाही. एका म्हातारीला ‘फोनातून गेलं’ म्हणजे काय तेच कळेना, तिने उलट डॉक्टरची समजूत काढली, “हरवला तर हरवला बाबा, नवा घे.” शिंप्याने मशीन न थांबवता ऐकलं. मग पाय थांबवून म्हणाला, “हरवला की विकला, ते तुलाच ठाऊक.” डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.  ‘मी दिला’ एवढेच दोन शब्द, पण शिंप्याच्या अंगणातून बाहेर पडेपर्यंत ते काही डॉक्टरणीच्या तोंडून निघाले नाहीत. रस्त्यात डॉक्टर म्हणाला, “चालायचंच,” आणि गाडीला लाथ मारली. गाडी तीन लाथांनंतर सुरू झाली.

नवऱ्याला आपण दुसऱ्यांदा विकतोय, असं तिला वाटत राहिलं. पहिल्यांदा टबासाठी, आता नुसत्या अब्रूसाठी.

समोरचं घर त्याने शेवटी ठेवलं होतं. दहा पावलांचं अंतर, पण ते तोडायला चार दिवस लागले. त्या सकाळी डॉक्टर अंगणात पाय धूत होता, तेव्हा तिने टब उचलला आणि एकटीच निघाली. तो मागून “थांब, मी येतो” म्हणाला. ती थांबली नाही.

आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. हातात काही काम नव्हतं. काम नसलेले त्यांचे हात तिने कधी पाहिलेच नव्हते.

“आता कशाला आणलास टब?” आत्याबाई म्हणाल्या. “पिणारी गेली की.”

डॉक्टरणीने टब खाली ठेवला. तोवर डॉक्टर ओल्या पायांनी धावत आला होता. “आत्या, माझ्या हातून तो जुना फोन...”

“यांच्या हातून नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की गल्लीतलं एक दार उघडलं. तिला ते बरंच वाटलं. “आत्याबाई, फोन मी दिला. या टबासाठी. तुमच्या म्हशीचा फोटो त्यातच होता. तारखा त्यातच होत्या. जपून ठेव म्हणून हे बजावून गेले होते, आणि मी दिला. छत्रीवाल्याला यांनी काही सांगितलं नाही. आणि म्हैस...” तिने पदराने तोंड पुसलं. “म्हैस गाभण होती, आत्याबाई. चौथी लागली होती तिला.”

उघडलेल्या दारात, माहेरी आलेली शिंप्याची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते सात वाड्यांत जाणार होतं, आणि जावं, असंच डॉक्टरणीला मनापासून वाटलं.

 आत्याबाईंनी खुंट्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. डॉक्टरने मान खाली घातली, तेव्हा ते खरं आहे हे त्यांना कळलं. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, जणू त्या महिने मोजत होत्या. डॉक्टरीण वाट बघत उभी राहिली. त्यांनी आता शिव्या द्याव्यात, टब लाथाडावा, तोंड बघणार नाही म्हणावं. असं काहीतरी झालं तर आपल्याला उभं राहता येईल, असं तिला वाटत होतं.

आत्याबाई उठल्या. टबापाशी येऊन वाकल्या आणि त्याच्या जाड कडेवरून हात फिरवला.

“तो नुसता पाण्याचा मग देत होता तुला,” त्या म्हणाल्या. “नाहीतर छोटा टब. तू घेतलाही असतास.”

“आत्याबाई...”

“मोठा काढ, निळा, असं मीच म्हटलं ना गं त्याला?”